रबराची चक्री आणि पगारातील कपात

या सदरातून आपण शिलाई यंत्र पाहिले, स्टोव्ह पाहिला, विहिरीवरची मोटर पाहिली. आज जे यंत्र घेत आहोत ते आपल्यापैकी फारच थोड्यांच्या मालकीचे असेल. होडीच्या मागच्या फळीला दोन स्क्रूंनी आवळून टांगतात ते आउटबोर्ड यंत्र. खाडीकाठची माणसे त्याला नुसते मशीन म्हणतात. मालकी थोड्यांची असली तरी ते चालवणारे, खांद्यावरून वाहणारे, संध्याकाळी गोड्या पाण्याने धुणारे हात मात्र आपल्या घरांतून गेलेले आहेत. खाडीतली मासेमारीची होडी, जलाशयावरची सहलीची बोट, पुरात माणसे काढणारी रबरी बोट, सगळीकडे हेच यंत्र. आणि ते बंद पडले की बोल लागतो तो चालवणाऱ्याला. म्हणून हा विषय.

यंत्राचा धंदा वाढला तो अमेरिकेत. लहानपणी नॉर्वेहून तिकडे गेलेल्या ओले एव्हिनरूड या कारागिराने मिलवॉकी शहरात १९०९ साली असे यंत्र विक्रीला आणले. त्याच्या आधीही काहींनी खटपट केली होती, पण बाजारात पाय रोवले ते याने. पुढे एव्हिनरूड आणि जॉन्सन ही दोन्ही नावे एकाच कंपनीच्या छत्राखाली आली. ती कंपनी डिसेंबर २००० मध्ये दिवाळखोरीत गेली. नव्या मालकांनी काही वर्षे नाव चालवले आणि २०२० साली एव्हिनरूडचेही उत्पादन थांबवले. तेव्हा आज किनाऱ्यावर या नावांचे यंत्र दिसले तर ते जुनेच समजावे.

किती जुने, हे ओळखण्याची एक युक्ती आहे, आणि सेकंडहँड माल घेणाऱ्याने ती पाठच करावी. १९८० पासूनच्या जॉन्सन-एव्हिनरूड यंत्रांच्या पट्टीवर जो मॉडेल क्रमांक असतो, त्याच्या शेवटाकडे सालाची दोन अक्षरे असतात. इंग्रजीतला 'इंट्रोड्यूसेस' हा शब्द घ्या. त्यात दहा अक्षरे आहेत आणि एकही दोनदा आलेले नाही. पहिले अक्षर म्हणजे १, दुसरे २, असे करत दहावे म्हणजे ०. 'सी' आठवे आणि 'आर' चौथे, म्हणून 'सीआर' लिहिले असेल तर साल १९८४. विकणारा दहा वर्षांचे यंत्र म्हणून गळ्यात मारत असेल तर फळीजवळची पट्टी पुसून बघावी.

आता मुख्य मुद्दा. मोटारसायकलचे इंजिन वाऱ्याने थंड होते. होडीवरच्या या इंजिनाला थंड करते ते खाडीचे पाणी. खाली पाण्यात बुडलेल्या पायातून पाणी वर ओढायचे, सिलिंडरभोवती फिरवायचे आणि परत खाडीत सोडायचे. हे काम करणारा पंप पायातच, गिअरच्या डब्याच्या डोक्यावर बसवलेला असतो. इंजिनाकडून पंख्याकडे जाणारा उभा शाफ्ट या पंपाच्या मधून जातो आणि त्याच शाफ्टवर एका लहानशा चावीने अडकवलेली असते एक रबराची चक्री. तिला इंपेलर म्हणतात. मुठीत मावेल एवढी वस्तू, बहुधा पाच-सहा पाती असलेली.

तिची करामत अशी की ती ज्या वाटीत फिरते त्या वाटीच्या बरोबर मध्यभागी ती नसते, एका बाजूला सरकलेली असते. अरुंद बाजूला आली की पाती वाकतात, रुंद बाजूला गेली की सरळ होतात. सरळ होताना दोन पात्यांमधली जागा वाढते आणि पाणी आत येते. पुन्हा वाकताना जागा कमी होते आणि पाणी नळीतून वर ढकलले जाते. वेग खूप वाढला की पाती आतल्या बाजूस दबतात आणि मग चक्री नुसत्या फिरण्याच्या जोराने पाणी फेकते. म्हणजे होडी सावकाश चालत असताना खरी कसोटी पात्यांच्या लवचिकपणाची. ती ताठ झाली की सावकाश चालताना इंजिन तापते आणि वेगात बरे चालते. असे लक्षण दिसले तर पहिला संशय चक्रीवर घ्यावा.

पाणी वर गेले नाही तर काय होते? पिस्टन ॲल्युमिनियमचा, सिलिंडरची आतली बाही लोखंडाची. तापल्यावर ॲल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त फुगते. पिस्टन बाहीत आवळला जातो, ओरखडे पडतात आणि इंजिन जाम होते. सगळा खेळ काही मिनिटांचा. बाणकोट, दाभोळ, जयगड अशा खाड्यांच्या तोंडावर ओहोटीचा ओढ सरळ समुद्राकडे असतो. तिथे बंद यंत्राची होडी म्हणजे काय, हे काठावर राहणाऱ्यांना आम्ही सांगायला नको. नांगर आणि वल्ही होडीत हवीतच, यंत्र कितीही नवे असो.

चक्री मरते ती तीन कारणांनी. वाळू-गाळाने घासून, कोरडी फिरून आणि नुसती म्हातारी होऊन. होडी महिनोन् महिने उभी असली तरी अरुंद बाजूची पाती वाकलेल्याच अवस्थेत राहतात आणि शेवटी तशीच गोठतात. त्यामुळे 'यंत्र वापरलेच नाही, चक्री नवीच आहे' हा युक्तिवाद चालत नाही. या तिन्ही मरणांच्या खुणा वेगळ्या असतात, आणि एका तरुणाच्या दोन महिन्यांच्या पगाराचा निकाल या खुणांवरच लागला. ते प्रकरण सांगतो.

रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीवर आमच्या परिचयातील कुटुंबाचा बावीस वर्षांचा मुलगा पर्यटकांची होडी चालवण्याच्या नोकरीस होता. यंत्र पंचवीस अश्वशक्तीचे जॉन्सन, पट्टीवर तीच 'सीआर' अक्षरे. म्हणजे यंत्र मुलापेक्षा वयाने बरेच मोठे. एके दिवशी आठ प्रवासी घेऊन परत येताना यंत्राचा आवाज बसला, वाफ आली आणि ते थांबले. मुलाने नांगर टाकला, हाका मारल्या, शेजारच्या होडीने दोर टाकून सर्वांना काठावर आणले. कोणाला काही झाले नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी ठरवून टाकले की याने ओहोटीच्या वेळी गाळात यंत्र कोरडे चालवले, म्हणून ते जळले. दुरुस्तीची रक्कम हप्त्याहप्त्याने पगारातून कापायची. दोन महिने कापलीही. वडील आमच्याकडे आले ते कपातीचा आकडा लिहिलेली चिठ्ठी घेऊन.

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कायदा थोडाफार कळतो, यंत्र कळत नाही. कायदा असा: १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमापासून त्याची जागा घेणाऱ्या २०१९ च्या वेतन संहितेपर्यंत एक गोष्ट कायम आहे. नुकसान झाले म्हणून पगार कापायचा तर ते नुकसान थेट कामगाराच्या हलगर्जीपणाने किंवा कसुरीने झालेले असले पाहिजे, आणि कापण्याआधी त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिलीच पाहिजे. मुलाला कोणी विचारलेही नव्हते. परंतु नुसते कायद्याचे कलम घेऊन गेलो असतो तर मालक म्हणाले असते, 'बरं, आता विचारतो.' हलगर्जीपणा होता की नव्हता, हे यंत्रालाच विचारायला हवे होते. म्हणून आम्ही गोदीत फिटर म्हणून आयुष्य घालवलेल्या आमच्या एका काकांना सोबत घेतले. मालकांना एवढेच सांगितले की यंत्राचा पाय तुमच्यासमोर उघडू, जे दिसेल ते दोघेही मान्य करू. ते तयार झाले, हे त्यांच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

काकांनी प्रथम प्लगच्या वायरी काढल्या आणि पेट्रोलची नळी सोडवली. पंख्याशी हात घालण्याआधी हे करायचेच. जुने इंजिन चुकून अर्धा फेरा फिरले तरी बोटे जातात. मग गिअर बदलणारी उभी सळई सुटी केली. काही यंत्रांत तिचा जोड पायाच्या बाजूच्या छोट्या झाकणाखाली असतो, काहींत वर इंजिनाजवळ. तो न सोडवता पाय खाली ओढला तर सळई वाकते. त्यानंतर पाय धरून ठेवणारे बोल्ट. इथेच खरा वेळ गेला. स्टीलचा बोल्ट आणि ॲल्युमिनियमचा पाय, मध्ये चाळीस वर्षांचे खारे पाणी. दोन्ही धातू एकमेकांना धरून बसतात. मुलगा पाना घेऊन जोर लावायला निघाला तेव्हा काका म्हणाले, "पोरा, बोल्ट तुटला की दिवस गेला. सैल करताना आधी किंचित आवळ, मग सोड." गंज सोडवणारे तेल, थोडी ऊब, हातोडीचे हलके टोले, पुन्हा तेल. तासभर हेच. नवशिक्यांनी हा तास जरूर द्यावा. तुटलेला बोल्ट छिद्र पाडून काढणे आणि नवे आटे पाडणे हे काम चक्री बदलण्याच्या दसपट आहे.

पाय सरळ खाली उतरला. पंपाच्या घराचे चार स्क्रू काढले, घर शाफ्टवरून वर सरकवून काढले आणि चक्री उघडी पडली. सहापैकी दोन पाती मुळापासून नव्हती. उरलेली चार एकाच दिशेला वाकून तशीच गोठलेली. बोटाने सरळ केली तरी परत वाकायची, आणि मुळाशी भेगा. आतल्या स्टीलच्या वाटीला गोल गोल ओरखडे, नख अडकावे इतके खोल. तळाच्या पट्टीवरही तसेच चर. काकांनी चक्री मालकांच्या हातात दिली.

"शेठ, कोरडं फिरलेलं रबर जळतं. पात्यांची टोकं वितळतात, चकाकतात, वाटीबाहेरचं प्लॅस्टिकही पाघळतं. इथं काही पाघळलंय का बघा. हे रबर म्हातारं होऊन भेगाळलंय, अन् वाटी वाळूनं घासलीय. एका दिवसाचं काम नाही हे."

मालक म्हणाले, "पाती त्या दिवशीच तुटली असतील."

हा प्रश्न वाजवी होता. तुटलेली पाती जातात कुठे? पाण्याबरोबर नळीतून वर, इंजिनाच्या पाणवाटांत. म्हणून काकांनी सिलिंडरच्या डोक्यावरचे थर्मोस्टॅटचे झाकण उघडले. आत एक पाते सापडले. त्यावर मिठाचा आणि चुन्यासारख्या खाराचा जाड थर चढला होता, इतका की पहिल्यांदा ते दगडासारखे वाटले. असा थर काही एका फेरीत चढत नाही. ते पाते तिथे कित्येक महिने अडकून पाणी अडवत असावे. दुसरे पाते सापडलेच नाही. आम्ही सगळे लिहून घेतले, फोटो काढले आणि खाली मालकांचीही सही घेतली.

मग आम्ही विचारले की चक्री यापूर्वी कधी बदलली? कुठेही नोंद नव्हती. यंत्र मालकांनीही दुसऱ्याकडून घेतलेले. मुलगा म्हणाला की मागची धार बारीक झाली आहे, हे त्याने दिवाळीच्या सुमारास सांगितले होते. त्यावर तो आणि मालक यांच्यात थोडी बाचाबाची झाली, ती इथे देण्यात अर्थ नाही. कपात थांबली. कापलेले दोन महिन्यांचे पैसे दोन हप्त्यांत परत मिळाले. पुढच्या हंगामाला मात्र त्याला बोलावणे आले नाही. आता तो दुसऱ्या होडीवर आहे, आणि कामावर रुजू होताना त्याने पहिली गोष्ट विचारली ती चक्रीची तारीख.

इंजिनाची दुरुस्ती मुंबईत झाली. यंत्र परत आल्यावर नवी चक्री बसवली तीही काकांनीच, मुलाच्या हातून. ते काम आता वाचकांसाठी सांगतो.

नुसती चक्री आणू नये. वाटी, तळाची पट्टी, गॅस्केट, चावी आणि नळीचे रबर असा पूर्ण संच मिळतो. मूळ कंपनी बंद पडली असली तरी सिएरासारखे उत्पादक या जुन्या यंत्रांचे संच बनवतात. वाटीला चर पडलेले असताना नवी चक्री घातली तर पाणी चरांतून मागे गळते आणि नवे रबरही लवकर घासते. दुकानात चक्री हातात घेऊन पाते बोटाने वाकवून पाहावे. सोडताच ताठ उभे राहिले पाहिजे. कित्येक वर्षे फळीवर पडून असलेले रबर नवे असूनही म्हातारे असते. अर्थात संच मागताना मॉडेल क्रमांक पूर्ण लिहून न्यावा, 'पंचवीसचे जॉन्सन' एवढ्यावर दुकानदार काहीही देईल.

जुने गॅस्केट खरवडून जागा साफ करावी. पंपाच्या घरात चक्री बसवताना आत साबणाचे पाणी किंवा ग्लिसरिन लावावे, म्हणजे पहिल्या काही फेऱ्या ती कोरडी घासत नाही. चावी शाफ्टच्या सपाट जागेवर ठेवून घर वरून खाली आणायचे, आणि खाली दाबताना शाफ्ट वरून पाहता घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवत राहायचा. या यंत्रांचा शाफ्ट त्याच दिशेने फिरतो, म्हणून पाती योग्य बाजूला दुमडतात. यानंतर शाफ्ट उलटा फिरवू नये. चावी घसरून खाली पडली नाही ना, हे पाहायला शाफ्ट फिरवून चक्री सोबत फिरते का बघावे. चावी ही फार लबाड वस्तू आहे. चिकट ग्रीसचा ठिपका लावला तर जागेवर राहते.

पाय परत चढवताना तीन गोष्टी एकाच वेळी जुळवायच्या असतात: पाण्याची नळी तिच्या रबरात, गिअरची सळई तिच्या जागी आणि शाफ्टचे दाते इंजिनाच्या दात्यांत. दोन माणसे हवीत. दात्यांच्या कडांना ग्रीस लावावे, शाफ्टच्या माथ्यावर लावू नये, नाहीतर ग्रीस खाचेत दबून शाफ्ट पूर्ण वर जात नाही. दाते जुळत नसतील तर फ्लायव्हील हाताने घड्याळाच्या दिशेने थोडे फिरवावे. फट राहिली असताना बोल्ट आवळून पाय ओढून घेण्याचा मोह पुष्कळांना होतो. त्याने ॲल्युमिनियमला तडा जातो. पाय हाताने बसला पाहिजे, बोल्ट फक्त धरून ठेवण्यासाठी. बोल्टच्या आट्यांना ग्रीस लावले तर पुढच्या वेळी तो तास वाचेल.

शेवटी पिंपातली परीक्षा. मोठे पिंप पाण्याने भरून पाय त्यात उभा करावा, पंख्यावरची आडवी पट्टी बुडेल इतके पाणी हवे. गिअर न टाकता हळू चालवावे. थोड्याच वेळात मागच्या छिद्रातून धार यायला हवी. ती हाताला कोमट लागली तर ठीक, चटका बसला तर बंद करावे. आणखी जुन्या, साठच्या दशकाच्या आसपासच्या पुष्कळ यंत्रांना ही वेगळी धार नसतेच. त्यांत पाणी धुराबरोबर पायाच्या मागून तुषारांसारखे येते. त्यामुळे धार नाही म्हणून घाबरू नये, आणि धूर दिसतो म्हणून निर्धास्तही राहू नये. तिथे हात लावून ओल आहे का बघावे. काठावर, पाण्याबाहेर, 'जरा चालू करून बघू' म्हणून दोरी ओढणाऱ्याला मात्र काकांनी सरळ हाकलून लावले असते. नव्या चक्रीला तेवढा एक मिनिट पुरतो.

काकांचे मत असे की गाळाच्या खाडीत चक्री दर हंगामाला बदलावी, दिसायला चांगली असली तरी. आम्ही हिशेब मांडून पाहिला. पूर्ण संच आणि दोन माणसांचा अर्धा दिवस एका बाजूला, आणि मुंबईत नेऊन केलेली इंजिनाची दुरुस्ती, बुडालेले भाडे व परत दिलेला पगार दुसऱ्या बाजूला. दहा वर्षांच्या चक्र्या एकदम घेतल्या असत्या तरी पहिली बाजू हलकीच राहिली असती. पुरात काम केलेल्या बोटीचा पंप तर पाणी ओसरताच उघडावा, हंगामाची वाट पाहू नये. २०१९ साली सांगली-कोल्हापूरकडे आणि २०२१ साली चिपळूणला पुराने घराघरात सोडलेला चिखल ज्यांनी उपसला आहे, त्यांना ते पाणी पंपातून गेल्यावर रबराचे काय होत असेल याची कल्पना येईल.

त्या मुलाने आता एक वही केली आहे. चक्री बदलल्याची तारीख, कोणी बदलली, वाटी कशी होती, धार किती वेळात आली, आणि धार बारीक झाली तर मालकांना कोणत्या दिवशी सांगितले, एवढे पाच रकाने. शेवटच्या रकान्यासमोर तो मालकांची सही घेतो. नव्या मालकांनी पहिल्यांदा थोडी कुरकुर केली, आता करतात.